चौथीचा इतिहास आणि वर्गातले नाटक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य मंडळाच्या चौथीच्या वर्गात इतिहास म्हणजे परिसर अभ्यास भाग 2, ‘शिवछत्रपती’. याच वर्गात नाट्यकर्मी सलग दहा दिवस येतो आणि वर्गशिक्षकांच्या सोबतीने नाटकातून इतिहास शिकवतो, अशा उपक्रमाबद्दल मुख्याध्यापक, शिक्षक, नाट्यकर्मी आणि पालक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे येथे दिली आहेत. आकडे साधारण 36 मुलांचा वर्ग धरून आहेत.

गॅदरिंगला बसवतात त्या ऐतिहासिक नाटकापेक्षा हे वेगळे कसे?

गॅदरिंगच्या नाटकात संहिता आधी ठरते. पाचसहा मुलांना संवाद मिळतात, उरलेली ‘मावळे’ म्हणून मागे उभी राहतात. तीन आठवडे पाठांतर चालते आणि शेवटी इतिहासातले नेमके काय समजले हे कोणी विचारत नाही. वर्गनाट्यात संहिता नसते आणि बघणारेही नसतात. सगळी 36 मुले एकाच वेळी भूमिकेत असतात. त्यांच्यापुढे त्या काळातली एक खरी अडचण ठेवायची, हाताशी जेवढे होते तेवढेच द्यायचे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवायचा. निर्णय झाला की मग प्रत्यक्षात काय झाले ते पुस्तकातून किंवा पत्रातून वाचायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे धडा आधी वाचला आणि मग ‘करून दाखवा’ म्हटले, तर मुले फक्त धडा पुन्हा सांगतात. विचार करायला त्यांच्याकडे काही उरतच नाही.

ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 साली शाळांसाठी असे काम सुरू केले. ‘शिक्षक स्वतः भूमिकेत’ ही कल्पना डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ‘थिएटर इन एज्युकेशन’ पथक 1989 पासून आहे.

कोणता प्रसंग निवडावा?

दोन कसोट्या लावा. प्रसंगात माणसांना काही ठरवावे लागले होते का? आणि त्याबद्दल मुलांना दाखवता येईल असा काही पुरावा आहे का, म्हणजे पत्र, तह, नकाशा, नाणे, किल्ल्याची जागा? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच तो प्रसंग घ्या.

अफझलखानाची भेट (1659) आणि लाल महालावरचा छापा (1663) हे प्रसंग सगळ्यांना आधी सुचतात आणि वर्गात सर्वांत आधी फसतात. मुलांनी ते मालिकांत पाहिलेले असतात. दोन मिनिटांत पट्ट्यांच्या तलवारी होतात, कोणी तरी मरून पडतो, बाकीचे हसतात. हे प्रसंग धड्यातून वाचून घ्यावेत. नाटकासाठी तीन विषय भक्कम आहेत: चिपळूणच्या छावणीचे पत्र, पुरंदरचा तह (1665) आणि पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी रात्र (1660). दहा दिवसांत तिन्ही होत नाहीत. दोन घ्या.

चिपळूणच्या छावणीचे पत्र म्हणजे कोणते?

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी उतरलेल्या पागेच्या, म्हणजे घोडदळाच्या, जुमलेदार व हवालदार या अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना लिहिलेले पत्र. आशय असा: दाणा आहे तोवर मनाला येईल तसा चाराल, तर तो संपल्यावर भर पावसात मिळणार नाही आणि घोडी मरतील, ती तुम्हीच मारली असे होईल. मग लोक कुणब्यांच्या घरी जातील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असे झाले तर मोगल बरे, असे रयत म्हणेल. जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि आगीला जपा: दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवत पेटेल, पागा जळेल.

नऊ वर्षांच्या मुलांना राज्यकारभार शिकवायला याहून चांगले साधन शोधून सापडणार नाही. लढाई नाही, चमत्कार नाही. घोडे, गवत, पाऊस, उंदीर आणि शेतकऱ्याच्या घरातली भाकरी आहे. खेड्यातल्या मुलांना यातले निम्मे घरचेच वाटते.

दहा दिवस कसे आखायचे?

रोज दोन तासिका जोडून साधारण 70 मिनिटे घ्या. एका तासिकेत हे होत नाही. भूमिकेत शिरायला दहा मिनिटे जातात आणि बाहेर येऊन बोलायला किमान पंधरा लागतात.

पहिल्या दिवशी नाटक नको. वर्तुळ, नावे, ‘थांब’ची खूण, चालण्या-थांबण्याचे खेळ, शेवटी तिघा-तिघांची स्थिरचित्रे, म्हणजे पुतळ्यासारखे स्तब्ध राहून दाखवलेला प्रसंग. त्याच दिवशी कागदावर दोन प्रश्न लिहून घ्या. ते शेवटी पुन्हा लागतील. दुसरा ते पाचवा दिवस छावणीचा. सहाव्या दिवशी मुद्दाम मोकळी जागा ठेवा, कारण तोपर्यंत काहीतरी रेंगाळलेले असतेच, आणि आठवड्यातला एखादा दिवस कार्यक्रमात जातोच. सातवा ते नववा दिवस पुरंदरच्या तहाचा. दहाव्या दिवशी खुला वर्ग.

नाट्यकर्मी आणि वर्गशिक्षक रोज तास संपल्यावर वीस मिनिटे बसले नाहीत तर हा आराखडा तिसऱ्या दिवशीच मोडतो. ती वीस मिनिटे वेळापत्रकात लिहा आणि त्या वेळेत बाईंना दुसऱ्या वर्गावर पाठवू नका.

छावणीचा खेळ प्रत्यक्षात कसा घ्यायचा?

सहा-सहांचे सहा गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक पागा. खडूने आखलेला तीन फूट लांब चौकोन ही त्यांची जागा. प्रत्येक गटाला 40 चिंचोके द्या, ही घोड्यांची चंदी, म्हणजे त्यांचा दाणा. चिंचोके मोजून द्यावेत, मुठीने नव्हे. मुले आधी मोजतात आणि मगच भांडतात.

आठ फेऱ्या सांगा. एक फेरी म्हणजे एक पंधरवडा, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. नियम तीन: एका फेरीत 5 पेक्षा कमी चिंचोके घातले तर घोडे खंगते. 8 किंवा जास्त घातले तर घोडे तेजदार होते आणि गटाला एक रंगीत पट्टी मिळते. पाऊस सुरू झाल्यावर नवी चंदी मिळणार नाही. आठ फेऱ्यांना पाच-पाच पुरतात हे गणित सांगू नका. ते त्यांचे त्यांना सापडू दे. डफावर एक थाप पडली की फेरी सुरू, दोन थापा पडल्या की चिंचोके मधल्या डब्यात.

बहुतेक वर्गांत निदान दोन गट पट्टीच्या मोहात पाचव्या फेरीला रिकामे होतात. तिथेच थांबा. विचारा: आता काय कराल? सूचना येतात त्या फळ्यावर जशाच्या तशा लिहा. ‘दुसऱ्या पागेकडून उसने’, ‘गवत कापून आणू’, आणि थोड्याच वेळात ‘गावातून आणू’. ते वाक्य आले की सुधारू नका, रागावू नका. ‘ठीक, गावात जाऊया’ म्हणा.

आता तीन गटांना कुणब्यांची घरे करा. प्रत्येक घरात 8 चिंचोके. नवे भात यायला चार पंधरवडे आहेत, दर पंधरवड्याला घराला 2 लागतात. उरलेले तीन गट दाणे मागायला येतात. हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. पाच मिनिटे. मग भूमिका बदला, पुन्हा पाच मिनिटे. ही अदलाबदल टाळू नका. सगळ्या खेळाचा जीव तिच्यात आहे. जो मुलगा आत्ताच ‘सरकारी घोडा आहे, द्यावेच लागेल’ असे दरडावत होता, तोच हातात आठ चिंचोके घेऊन दाराशी उभा राहतो.

यानंतर सगळ्यांना खाली बसवा आणि पत्र वाचा. आधी वाचलेत तर तो उपदेश वाटतो. या जागी वाचले की मुले मध्येच बोलतात, ‘हे आपलंच झालं!’

खेळातले आकडे आपण ठरवले आहेत आणि अडचण पत्रातली आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. खेळ कुठे संपतो आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे कळणे हाच इतिहासाचा पहिला धडा.

उंदीर आणि वातीचे काय करायचे?

चौथ्या दिवसासाठी तो भाग ठेवा. प्रत्येक गटाने तीन स्थिरचित्रे करायची: दिवा तसाच राहिला, वात निघाली, गवत पेटले. प्रत्येक चित्र दहा सेकंद. शिक्षकांनी खांद्याला हात लावला की त्या मुलाने भूमिकेतूनच एक वाक्य बोलायचे. मग चौथे चित्र करायला सांगा: दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्यात कोण रडते, कोण पंचनामा करते, कोण तोंड लपवते, यावरून पत्र किती समजले ते दिसते. खरा दिवा, उदबत्ती किंवा काडेपेटी वर्गात आणायची नाही.

पुरंदरच्या तहाचे सत्र कसे असते?

तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, 12 राहिले. मुलांना 35 नावे झेपत नाहीत, म्हणून जवळपास तेच प्रमाण ठेवून 12 चिठ्ठ्या करा: पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा, राजगड, तोरणा, रायगड (तेव्हाची रायरी) आणि लिंगाणा. प्रत्येक गटाला जमिनीवर मोठा नकाशा द्या. सह्याद्रीची रांग सुतळीने दाखवा आणि चिठ्ठ्या जागेवर ठेवायला लावा. यातच अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा.

मग निरोप येतो: आठ द्यायचे, चार ठेवायचे. वेळ वीस मिनिटे. प्रत्येक किल्ल्यासाठी ‘का’ सांगावे लागेल. गट सहसा नावाजलेले किल्ले धरून ठेवतात. कोंढाणा कोणी सोडत नाही, कारण तानाजींची गोष्ट त्यांना माहीत असते. ती लढाई 1670 ची, तहानंतर पाच वर्षांची, हे इथे सांगता येते. तोपर्यंत बहुतेकांच्या डोक्यात सगळ्या घटना एकाच दिवशी घडलेल्या असतात.

शेवटी खरी वाटणी दाखवा. या बारांपैकी पहिले आठ गेले, शेवटचे चार राहिले. आता नकाशाकडे बघायला सांगा. राजगड, तोरणा, लिंगाणा, रायगड एकमेकांच्या जवळ, डोंगराच्या अवघड भागात आहेत. ‘विखुरलेले चार चांगले की जवळचे चार चांगले?’ एवढाच प्रश्न टाकून गप्प बसा. यापुढची चर्चा मुलेच चालवतात, मोठ्यांनी मध्ये पडू नये.

महाराजांची भूमिका कोणी करायची?

कोणीही नाही. दहा दिवसांत महाराज वर्गात ‘दिसत’ नाहीत. त्यांचे म्हणणे पत्रातून, निरोपातून, जासुदाच्या तोंडून येते. याची कारणे साधी आहेत. एका मुलाला ती भूमिका दिली की बाकी 35 जण प्रेक्षक होतात. मालिकेतल्या आवाजाची नक्कल सुरू होते. आणि महाराजांच्या तोंडी मुलांनी आयत्या वेळी काहीबाही घातले तर पालकांना ते खटकते, तेही रास्त आहे. जे शब्द पत्रात आहेत तेच त्यांच्या नावाने वाचले जावेत. जिजाबाईंबद्दलही हेच धोरण ठेवा.

शत्रूपक्षाची भूमिका करणाऱ्या मुलांना चिडवतात. काय करावे?

हे होतेच, आणि मधल्या सुटीत जास्त होते. म्हणून कोणाही एका मुलाला ‘शत्रू’ करू नका. प्रत्येक बाजू प्रत्येकाने करायची, हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहा. तास संपताना ‘भूमिका उतरवणे’ ठरलेले असावे: ओढणी घडी करून पेटीत ठेवायची, आपले खरे नाव मोठ्याने सांगायचे, जागेवर बसायचे. दोन मिनिटे लागतात. ती वाचवायला गेलात तर भांडण मैदानावर जाते.

मुस्लिम मुलांवर खानाची भूमिका टाकणे हा अन्याय आहे, आणि तो नकळत होतो. जातीवरून, रंगावरून, अंगापिंडावरून भूमिका वाटणेही तसेच. त्यासोबत इतिहासातली वस्तुस्थितीही मुलांसमोर ठेवा: पुरंदरला मोगलांचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि महाराजांच्या सेवेत काझी हैदर, सिद्दी हिलाल यांच्यासारखी माणसे होती. चौथीच्या मुलांना एवढे सहज समजते.

वर्गात फार गोंगाट होतो. शेजारचे वर्ग तक्रार करतात.

छत गळत नसेल तर व्हरांडा किंवा सभागृह घ्या. नाहीतर बाके भिंतीला लावून मधे वीस फूट बाय पंधरा फूट जागा मोकळी करा. 36 मुलांना एवढी पुरते. त्याहून मोठ्या मैदानावर नेऊ नका. तिथे आवाज जात नाही आणि मुले पळतात.

तोंडाने ‘शांत बसा’ म्हणण्याऐवजी खूण एकच ठेवा: डफावर लांब थाप आणि हात वर. पहिल्या दिवशी ती आठदहा वेळा खेळातच पक्की करून घ्या. एवढे करूनही गोंगाट राहिला तर बहुतेक वेळा दोष सूचनेत असतो. ‘छावणीत काय काय चालते ते करा’ म्हटले की धुमाकूळ. ‘सकाळची वेळ, तुमच्या हातात एक वस्तू, बोलायचे नाही, तीस सेकंद’ म्हटले की काम.

लढाई आलीच तर ती स्थिरचित्रात किंवा आवाजातच करा. पन्हाळ्याच्या रात्रीसाठी खोलीत अंधार, बोटांनी बाकावर पाऊस, तोंडाने वारा, आणि पालखी उचलणाऱ्यांची पावले. पालखीला साडीची घडी आणि चार मुले पुरतात. एकमेकांच्या अंगाला हात लावायचा नाही हा नियम दहाही दिवस.

वर्गशिक्षकांनी काय करायचे?

वह्या तपासत कोपऱ्यात बसायचे नाही. हा उपक्रम फसण्याचे सर्वांत मोठे कारण तेच. नाट्यकर्मीला नाटक कळते. कोणत्या मुलाच्या घरी काय चालले आहे, कोणाला वाचता येत नाही, कोणत्या दोघांना एका गटात ठेवू नये, हे बाईंनाच माहीत असते.

बाईंनी निदान दोनदा भूमिका घ्यावी, आणि ती कमी अधिकाराची असावी: गोंधळलेला कारकून, पावसात अडकलेला जासूद, हिशेब न जुळणारी घरधनीण. शिक्षक ‘मला कळत नाही, तुम्ही सांगा’ असे म्हणतो तेव्हा मुले ज्ञान त्याच्याकडे मागत नाहीत, त्याला देऊ लागतात. भूमिकेची खूण म्हणून खांद्यावर एक उपरणे. ते काढले की बाई पुन्हा बाई. अभिनय यावा लागत नाही, आवाज बदलायचीही गरज नाही.

जुनी भाषा मुलांना समजेल का?

पत्र मूळ स्वरूपात पूर्ण वाचायचे नाही. आठदहा ओळींचा सोपा गोषवारा वाचा आणि त्यात मूळचे पाचसहा शब्द तसेच ठेवा: कुणबी, पागा, चंदी, रयत, मुलूख, जुमलेदार. खेळात ते वापरून झालेले असतात, म्हणून अर्थ सांगत बसावे लागत नाही. मोडी लिपीतल्या एखाद्या कागदाची छापील प्रत मुलांना हातात द्यावी. वाचता आली नाही तरी ‘हे कोणीतरी हाताने लिहिले’ एवढे पोहोचते.

भूमिकेत मुलांना त्यांच्या घरची बोली बोलू द्या. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, जी असेल ती. ‘नाटकी’ मराठीची सक्ती केली की अर्धा वर्ग मुका होतो.

साहित्य किती लागते?

थोडे. जुन्या ओढण्या 20, साड्या 4, सुतळीचे दोन गुंडे, खडू, खाकी कागदाचे 12 ताव, चिंचोके 300 (240 खेळात, बाकी हरवतात), एक डफ, झाकणाची एक पेटी, नकाशासाठी जुनी चादर. फेटे, दाढीमिशा, थर्माकोलचे बुरूज, प्लॅस्टिकच्या तलवारी यांतले काहीही नको. वेशभूषा आली की मुले आरशाकडे बघतात, अडचणीकडे बघत नाहीत. पत्राचा कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा असेल तर आदल्या दिवशी करा. ओला कागद वर्गात फाटतो.

नाटकातून चुकीचा इतिहास डोक्यात बसण्याची भीती वाटते.

भीती योग्य आहे. वाचलेले विसरते, केलेले राहते, मग ते चुकीचे असले तरी. म्हणून फळ्याच्या एका बाजूला दहाही दिवस ‘तेव्हा होते का?’ हा रकाना ठेवा. छावणीत मुले हमखास चहा मागतात, भाजीत बटाटा घालतात, काडेपेटी ओढतात. तिथेच थांबवू नका. रकान्यात लिहा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत बोला. काडेपेटी 19 व्या शतकातली, तोपर्यंत चकमक. तेवढ्यावरून ‘मग विस्तव जपून का ठेवायचे?’ हा प्रश्न निघतो, आणि तो थेट पत्रातल्या आगीपर्यंत नेतो.

दुसरा रकाना तीन खणांचा: ‘पत्रात / कागदात आहे’, ‘लोक सांगत आले’, ‘आपण कल्पना केली’. प्रत्येक गोष्ट एका खणात टाकायची. हिरकणीची कथा दुसऱ्या खणात जाते. त्यामुळे ती टाकाऊ होत नाही, फक्त तिची जागा कळते. कुणब्याच्या घरातले आपले संवाद तिसऱ्या खणात. हा तक्ता भरताना मुले वाद घालतात, तो वाद होऊ द्यावा.

बोलत नाहीत, मागे राहतात अशी मुले?

स्थिरचित्र, आवाज, नकाशा, चंदीचा हिशेब, डफ वाजवणे, यांत बोलावे लागत नाही. कारकुनाचे काम लाजऱ्या मुलांना आवडते: फेरीत किती चिंचोके गेले ते लिहायचे. सातव्या-आठव्या दिवशी त्यांनाच हिशेब विचारला जातो आणि तेव्हा ती बोलतात. बोलण्याची सक्ती कधीही नको. चाकाची खुर्ची किंवा श्रवणयंत्र वापरणारे मूल असेल तर जागेची आखणी आणि ‘थांब’ची खूण त्याला धरूनच ठरवा. हात वर करण्याची दिसणारी खूण सगळ्यांसाठीच ठेवली की वेगळी सोय करावी लागत नाही.

मूल रडले तर? भूक, दुष्काळ, कर्ज हे विषय काही घरांत रोजचे असतात. खेळ थांबवा, भूमिका उतरवा, त्या मुलाला सर्वांसमोर कारण विचारू नका. बाईंनी नंतर एकट्याने, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसून बोलावे.

द्विशिक्षकी शाळेत, पहिली ते चौथी एकत्र असताना जमेल का?

जमते, फक्त गट वयाने मिसळून करा. पहिली-दुसरीची मुले घोडे, पाऊस, वारा, घरातली लहानगी होतात. तिसरी-चौथीची हिशेब आणि बोलणी सांभाळतात. वेळ 70 ऐवजी 50 मिनिटे ठेवा. 20 मुले असतील तर चार पागा पुरतात.

वर्षात कोणता काळ चांगला?

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरते तेव्हापासून गॅदरिंगची गडबड सुरू होईपर्यंतचा. पुरंदरसाठी जानेवारीचा शेवटही चालतो. 19 फेब्रुवारीला जोडून ठेवू नका. शिवजयंतीच्या कार्यक्रमासाठी ‘यातलेच काहीतरी स्टेजवर करा’ अशी मागणी येते आणि शेवटचे चार दिवस तालमीत जातात. कोकणात छावणीचे सत्र जुलैत घेता आले तर घ्या. बाहेर पाऊस कोसळत असताना ‘नवी चंदी मिळणार नाही’ हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

पालकांना प्रयोग बघायचा असतो. त्यांना काय दाखवायचे?

दहाव्या दिवशी खुला वर्ग ठेवा, प्रयोग नव्हे. पालकांना खुर्च्यांच्या रांगेत बसवू नका. सहा गटांत मुलांशेजारी जमिनीवर बसवा. मुले त्यांना चिंचोके देतात, नियम सांगतात आणि तीन फेऱ्या खेळवतात. मग मुलांपैकी एकजण पत्र वाचतो. एक तास पुरे. मोबाईलवर चित्रण नको हे निमंत्रणातच लिहा. शाळेला छायाचित्रे हवी असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत उपक्रमाची माहिती आधी दिलेली असली तर अर्धे प्रश्न उठतच नाहीत.

मूल्यमापन कसे करायचे? गुण कुठे धरायचे?

अभिनयाला गुण देऊ नका. आकारिक मूल्यमापनात ‘उपक्रम/कृती’, ‘तोंडी काम’ आणि ‘दैनंदिन निरीक्षण’ ही साधने आहेत, त्यांत हे बसते. रोज सहाच मुलांची निरीक्षणे लिहायची, म्हणजे सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. प्रत्येकाबद्दल एक ओळ, आणि ती मुलाच्या शब्दांत: ‘म्हणाला, दाणे दिले तर आम्ही दसऱ्यापर्यंत काय खायचं.’ ‘सहभाग चांगला’ ही नोंद कोणालाच उपयोगी पडत नाही.

पहिल्या दिवशीचे दोन प्रश्न असे: ‘पावसाळ्यात छावणीतल्या सैनिकाला कशाकशाची काळजी असेल?’ आणि ‘हे तुला कशावरून वाटते?’ दहाव्या दिवशी तेच पुन्हा. पहिल्या वेळी उत्तरे ‘शत्रूची’, ‘लढाईची’ अशी असतात. दुसऱ्या वेळी यादीत गवत, वात, गावकरी येतात का, हे बघा. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न. ‘टीव्हीत पाहिले’ची जागा ‘पत्रात आहे’ने घेतली असेल तर काम झाले.

नाट्यकर्मी कसा निवडायचा?

नावाजलेला नट असण्याची गरज नाही. त्याला एक तास वर्गावर पाठवा आणि बघा: मुलांनी अनपेक्षित उत्तर दिले तेव्हा तो काय करतो? स्वतः करून दाखवत राहणारा, मुलांना हसवण्यात रमणारा माणूस या कामाला नको. निवडलेल्या प्रसंगावरचा धडा आणि पत्राचा मजकूर त्याने आधी वाचलेला असावा, आणि संहिता न आणता प्रश्नांची यादी आणावी.

लेखी करार करा: दिवस, वेळ, मानधन, प्रवासखर्च, साहित्य कोणाचे. मानधनात तयारीचे दिवसही धरा, बहुतेक शाळा ते विसरतात. बाहेरची व्यक्ती मुलांसोबत कधीही एकटी राहणार नाही, शिक्षक कायम वर्गात असतील, हा नियम अपवादाविना पाळा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याची (2012) आणि शाळेच्या बालसंरक्षण नियमांची माहिती त्याला पहिल्याच दिवशी द्या.

परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत हे करता येईल का?

येईल, पण सलग दहा दिवस मिळत नाहीत. दोन तासांचे चार रविवार धरा आणि फक्त छावणीचे पत्र घ्या. तिथल्या मुलांना कुणबी, पागा हे शब्द नवे असतात, आणि काहींनी गोठाही पाहिलेला नसतो. म्हणून पहिला रविवार वस्तूंवर द्या: चिंचोके, सुपातले भात, गवताची पेंढी, पणती. मुलांनी भूमिकेत मध्येच इंग्रजी बोलले तर अडवू नका. पत्र मात्र मराठीतच वाचा.

नाट्यकर्मी गेल्यावर पुढे काय?

पेटी शाळेतच राहू द्या. तीन खणांचा तक्ता भिंतीवरून काढू नका. राज्याभिषेकाच्या धड्याला (1674) आणि अष्टप्रधान मंडळाला बाईंना हीच पद्धत एकट्याने वापरता येते: आठ गट, प्रत्येकाला एक खाते, आणि एकच अडचण, ‘चिपळूणहून तक्रार आली आहे, सैनिकांनी गावातून गवत नेले. हे काम कोणाचे?’ अमात्य, सेनापती, न्यायाधीश, सचिव आपापल्या कामाचा विचार करू लागतात. नावे पाठ करायला लावण्याआधी हे एकदा घ्या. तासिका एकच लागते, चिंचोकेही लागत नाहीत.